सामान कोण सांभाळणार?

३ मार्च

पोचलो! खोली म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या दुकानावरचा माळा. तीन खाटा. पंखा प्रत्येक फेरीला एकदा 'टक्' म्हणतो. उशीलासुद्धा डिझेलचा वास. आईने आल्या आल्या खिडकीची कडी बघितली, दाराची बघितली, मग पिशवीतून कुलूप काढलं. घरून आणलंय! "दुसऱ्याच्या कुलपाचा काय भरवसा?"

आणि खिडकीतून समोर — ते! बेट म्हणणं म्हणजे लाडच झाले. काळा खडक, मधे पोकळ, एका बाजूने टवका उडालेला. मोठ्ठा फुटका कप. कधीकाळी ज्वालामुखी होता, आता गार झालाय. टवक्यातून समुद्र आत शिरलाय आणि त्या आतल्या पाण्यात म्हणे असं काही आहे की बघणारा दोन दिवस नीट जेवत नाही.

मी आलेय कादंबरीसाठी. एकही माणूस नसलेली कादंबरी. दगड, पाणी आणि वेळ. बाबा म्हणाले, "वाचणारा तरी माणूस असू दे म्हणजे झालं."

बाबा आलेत पोहायला. नोकरी गाडी शिकवायची, पण खरा धर्म पोहणं. रोज सकाळी तलावावर, गेली तीस वर्षं.

आणि आई. आई का आली ते लिहूनच ठेवते, नंतर कोणी नाकबूल करायला नको. समुद्राकाठचे आमचे सगळे फोटो काढा. आई एकतर नाहीच, नाहीतर मागे टॉवेल, चपला, डबे आणि पर्स यांच्या ढिगात बसलेली. मागच्या महिन्यात जेवता जेवता म्हणाली, "एवढे समुद्र झाले, माझे गुडघे काही ओले झाले नाहीत. या खेपेला मी आत जाणार."

बाबा हसले. "जा की! पण मग सामान कोण सांभाळणार?"

थट्टेतच म्हणाले. 

४ मार्च

बेटावर नेणारी एकच बोट आणि ती एका बाईंची. रापलेल्या, जाडजूड, गळ्यात शिट्टी. दहा तारखेला शेवटची फेरी, मग पक्षी अंडी घालायला येतात आणि बेट बंद. समुद्र शांत असेल त्याच दिवशी जायचं. वर त्यांची एक परीक्षा आहे! धक्क्याच्या पायऱ्यांपाशी, कमरेएवढ्या पाण्यात, मास्क लावून, नळी तोंडात धरून पालथं पडायचं. बाई पायरीवर बसून थर्मासमधून चहा ओततात. त्यांचा चहा संपेपर्यंत नुसतं पडून राहायचं. हात हलवायचे नाहीत, पाय झाडायचे नाहीत, डोकं वर काढायचं नाही. काढलंत की बाई दुसरा कप ओततात.

मी मनातल्या मनात नाव ठेवलं — चहाबाई.

"हे कशाला?" बाबा.

"साहेब, आत जायची खिंड अरुंद आहे. पाणीच तुम्हाला अलगद आत नेतं. हातपाय मारलेत की खडकावर जाल. खाली काटेरी गोळे बसलेत, ते वेगळंच."

"अहो, मी तीस वर्षं पोहतोय."

"म्हणूनच म्हटलं."

बाबांनी ऐटीत सूर मारला. पडले. आणि दर श्वासाला सवयीने मान वळवली! मान वळली की नळी पाण्यात. घटाघटा खारं पाणी. खोकत उभे राहिले. दुसरा कप. पुन्हा मान. तिसरा कप.

"साहेब, मला झोप लागायची नाही आज."

५ मार्च

आईचा पोहायचा पोशाख! रेडिमेड कपड्यांच्या दुकानात ती कपडे उसवून-शिवून मापात बसवून देते, त्यामुळे विकत घेणं 'शान के खिलाफ'. छत्रीच्या कापडाचा आहे, बाह्या कोपरापर्यंत — आणि कमरेला चेनचा खिसा. "घराची किल्ली कुठे ठेवू मग?"

"पाण्यात किल्ली कशाला?"

"पाण्यात नाही लागत. बाहेर आल्यावर लागते."

चहाबाईंनी मास्कच्या काचेत थुंकायला सांगितलं, म्हणजे वाफ धरत नाही. आईचा चेहरा! शेवटी तिने सगळ्यांकडे पाठ करून, अगदी सभ्यपणे, थुंकल्यासारखं केलं.

मग बाबांनी शिकवायला घेतलं. "सावकाश. सावकाश गं! क्लच सोडल्यासारखं अंग सोड. नजर समोर. आता श्वासाचा गिअर—" आई बुडाली. वर येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही गप्प बसलात तर मी तरंगेन." मग पुन्हा बुडाली, बाबा गप्प असताना.

मी दुसऱ्या प्रयत्नात पास. पहिल्या वेळी डोक्यात एक वाक्य आलं आणि ते विसरू नये म्हणून उठून बसले. चहाबाई म्हणाल्या, "पोरी, पाण्यात वाक्यं करायची नाहीत."

६ मार्च

आई पाच वेळा पडली, पाच वेळा उठली. "पायाखाली काही नसलं की मला घर उघडं टाकून आल्यासारखं होतं."

७ मार्च

पास!!

झालं असं. आई पायरीवर बसली होती, तोंड उतरलेलं. पाण्यावरून एक राखाडी ढेकूळ तरंगत आलं. तिने उचललं, उलटंपालटं केलं. "अगं, हा तर टाचा घासायचा दगड!" खरंच तोच. न्हाणीघरात असतो तसा, भोकाभोकांचा. चहाबाई म्हणाल्या, त्या बेटाचाच आहे. आग ओकताना फेस आला, फेस थिजला, त्याचा दगड झाला. आतून सगळी हवा.

आईने तो पाण्यात दाबला. सोडला. टुपकन वर. पुन्हा दाबला. पुन्हा वर. लहान मुलीसारखं चाललं होतं.

"दगड तरंगतोय," ती म्हणाली, "आणि मी बाई मोठी बुडणारी!"

तशीच गेली, मास्क चढवला, पडली. हात लांब, पाय लांब. चहाबाईंनी मुद्दाम फुंकर घालून घालून, घोट घोट चहा प्यायला. आई हललीच नाही. उलट नळीतून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. मी घाबरले. चहाबाईंनी कान दिला. "बोलताहेत त्या!"

आई नळीतून बोलत होती! वर आल्यावर विचारलं, कोणाशी?

"खाली एक खेकडा होता. त्याला म्हटलं, तुझं चालू दे."

बाबा सातव्यांदा नापास.

८ मार्च

समुद्र शांत. निघालो. बाबांना बोटीत बसायची परवानगी, पाण्यात उतरायची नाही. बाबा अख्खी वाट आमच्याकडे पाठ फिरवून बसले होते.

खिंडीपाशी बोट थांबली. चहाबाई इंजिनावर, म्हणजे त्यांचे हात अडकलेले. आईने मास्क लावला, पाय कठड्यावरून बाहेर टाकले. मग मागे वळून पर्स बाबांकडे केली.

बाबा म्हणाले, "मी काय सामान सांभाळायला आलोय इथे?"

रागाने नाही म्हणाले. रुसल्यासारखे म्हणाले. पण म्हणाले.

आईने पाय आत घेतले. मास्क काढला. "जा गं तू. मी बसते. यांना ऊन लागतंय, पाणी द्यायला कोणी नको?"

"आई, समुद्राच्या मधोमध चोर कुठून येणारे?"

"लाट येते की! जा तू, ऊन वाढतंय."

गेले. काय लिहू? खिंडीने मला गिळलं आणि आत नेऊन अलगद ठेवलं. तळाच्या काळ्या वाळूतून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. जमीन अजून श्वास सोडतेय! गरम पाण्याची एक पट्टी पोटावरून गेली, कोणी उबदार हात फिरवावा तशी. मासे निळे, मासे पिवळे, एक तर दोन्ही. आणि मी तिथे पालथी पडून विचार करत होते टॉवेलांचा. घड्या घातल्या असतील का तिने?

घातल्या होत्या.

९ मार्च

भांडण. बाबांशी करायला हवं होतं, केलं आईशी. "पास झाली होतीस तू! तो टवळा माणूस नापास झाला आणि बसलीस तू!"

"बापाला टवळा म्हणतात का?"

"आई!"

ती खाटेवर बसून पोशाखाची चेन मागेपुढे करत होती. मग म्हणाली, "भीती नाही गं वाटली. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. पर्स हातात आली आणि मी बसले. कळलंच नाही. सवय."

पंखा टक्. टक्.

दाराशी बाबा होते. किती वेळ होते माहीत नाही. खाली गेले. खिडकीतून बघितलं तर पाण्यात पालथे पडलेले. मान वळली. खोकले. पुन्हा पडले. पायरीवर चहाबाई. त्यांचा आवाज वरपर्यंत आला, "साहेब, गाडी चालवायला शिकवता, बंद करायला शिका आधी."

कादंबरीत आज एक बाई शिरली. पर्स घेऊन. हाकलली तर जात नाहीये.

१० मार्च

शेवटची फेरी.

सकाळपासून लाटा. चहाबाई आकाशाकडे बघत, "जायचं तर लगेच." बाबा नापासच. आईचा मास्क हातात, लावेना. 

खिंडीपाशी बोट थांबली. बाबांनी हात पुढे केला.

"पर्स."

आई बघतच राहिली.

"अगं दे. घड्याळ पण दे. चष्मा आहे ना आत? हिच्या चपला इकडे सरकव. ही पिशवी कोणाची? आणा सगळं." आणि सगळा ढीग मांडीवर घेऊन बसले. वर टॉवेल. वर माझी वही. हनुवटीने दाबून धरलेली.

"किल्ली?" बाबांनी विचारलं.

आईने खिशावर हात ठेवला. "ती असू दे माझ्याकडे."

उतरली! मी तिचा हात धरला होता, पण खिंडीत तीच पुढे गेली. सैल. दगडासारखी — त्या दगडासारखी. आत पोचल्यावर मी बाजूने तिचा चेहरा बघितला. काचेमागे हे एवढाले डोळे. आणि नळीतून अखंड बोलणं चालू! एक शब्द कळत नव्हता. माशांना काय ते समजत असावं, कोणी हलत नव्हतं. बुडबुड्यांची एक माळ तिच्या हाताखालून फुटली आणि ती हसली. नळीतून हसणं कसं येतं ते मला इथे लिहिता येत नाही. हत्तीला गुदगुल्या केल्यासारखं.

बोटीत परत. बाबा भिजलेले. लाट आली होती म्हणे, "पण पर्सवर थेंब पडू दिला नाही!" नाक लाल, मांडीवर ढीग तस्साच. आईचं सुरू झालं होतं, "ते पट्ट्यापट्ट्यांचे नाहीत का, त्यांना कुठे शिवणच दिसत नाही! आणि तो निळा, त्याचं अस्तर पिवळं, म्हणजे वळल्यावरच कळतं—"

बाबा ऐकत होते. मग मधेच म्हणाले, "अगं, पण नुसतं बसून बसून कंटाळा येतो की. इतकी वर्षं काय करायचीस तू?"

"मोजायचे."

"काय?"

"डोकी. पाण्यावरची. एक तुमचं, एक हिचं. लाट आली की एक दिसेनासं व्हायचं. मग ते वर येईपर्यंत बघत राहायचं. दोन झाली की जरा टॉवेल नीट करायचे. पुन्हा मोजायचे." केस पिळत सहज सांगत होती. "सामानाला काय होतंय?"

धक्का आला. पर्स उतरतानाही बाबांच्याच हातात होती.

११ मार्च

जाग आली तर आईची खाट रिकामी. दार नुसतं लोटलेलं. कुलूप खिडकीत पडलंय, उघडं.

बाबा आणि मी धावत खाली. पायरीवर तिच्या चपला. शेजारी पर्स, तोंड उघडं, आत चष्मा, घड्याळ, घराची किल्ली. राखणीला कोणी नाही! आणि लांब पाण्यावर नळीचं लाल टोक, आणि एक डोकं.

बाबा पर्सशेजारी बसले. नजर हलवत नाहीयेत. "एक," म्हणाले. लाट गेली. "एक."

वही त्यांच्याकडेच ठेवतेय. वाचू नका.

बाबा, आता दोन मोजा!