दादाची उडी

निरगुडसर, ता. आंबेगाव
२४ मे १९९८

चि. गोरख यास,

दादाचा आशीर्वाद. सहा वर्षांनी तुला पत्र लिहितोय, त्यामुळे मायना लिहून झाल्यावर बराच वेळ पुढचं काही सुचेना. आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण ऐकते कुठं, रोज मळ्यापर्यंत जाऊन येतेच. कालव्याला यंदा पाणी टिकलं. प्राची नववीत गेली. तुझ्या वहिनीच्या कुरडया घालून झाल्या. मी अजून पेठच्या शाळेतच कारकून आहे. सुट्टी लागली तरी लोक दाखल्यांसाठी घरी येतात आणि अंगणात उभे राहून विचारतात, "काय भाऊ, नवीन पुस्तक कवा?"

लिखाण चालू आहे. नवी कादंबरी हातात आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही समुद्रावर जाऊन आलो. हसू नकोस. प्राचीनं दोन वर्षं धोशा लावला होता. वर्गातल्या सगळ्या मुलींनी समुद्र बघितलाय, आणि जिचा बाप समुद्रावरची पुस्तकं लिहितो तिनंच तो बघितलेला नाही, म्हणून मुली चिडवतात. तुझी वहिनी म्हणाली, पोरीचं निमित्त करून तुम्हीही बघून घ्या एकदा. शेवटी पेठच्या बहिरूची जीप ठरवली. आई, मी, तुझी वहिनी, प्राची, आणि वहिनीची मढची बहीण, तिचे यजमान आणि त्यांची दोन पोरं. लोणावळ्याच्या घाटात पोरं ओकली. खोपोलीला जीपचं चाक बसलं. पेणच्या पुढं असा उकाडा की साडू सदरा काढूनच बसले. नागावात एका नारळाच्या वाडीत दोन खोल्या मिळाल्या. पंख्याला वारा नव्हता, डासांना सुट्टी नव्हती.

आणि ह्या सगळ्या प्रवासभर साडूंचा एकच प्रश्न. "दाजी, तुम्हाला ह्या गोष्टी सुचतात कुठनं?" दर दहा मैलांना तेच. वर स्वतःच सुचवायचे. जीप पंक्चर झाली, टाका पुस्तकात. पोरगं हरवता हरवता राहिलं, टाका पुस्तकात. मी हसून मान डोलवत होतो आणि आतून अंगाचा तिळपापड होत होता. कारण गोष्टी मला कुठून सुचत होत्या हे मला माहीत आहे, आणि तुलाही.

समुद्राचं सांगतो. पहिल्या दिवशी सगळे पाण्याकडं पळाले आणि मी वाळूत उभा राहिलो. सत्तावीस कादंबऱ्यांत माझ्या डिटेक्टिव्ह यशोधननं ह्या पाण्यात होड्या उलथवल्या, चोरांचा पाठलाग केला, पेट्या शोधल्या. मला वाटलं होतं, बघितल्यावर आतून काहीतरी उसळून येईल. काही आलं नाही. पाणी होतं. पुष्कळ होतं. रोज सकाळी कागद घेऊन जाऊन बसत होतो आणि उठताना कागद कोराच. वहिनी म्हणाली, "सुट्टीत तरी ते ठेवा बाजूला." मी तिच्यावर ओरडलो. पोरांसमोर. मग दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी होती. समुद्र इतका लांब गेला होता की मधे नुसता चिखल. प्राची माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या मागच्या पुस्तकात भर ओहोटीला शिडाचा पडाव धक्क्याला लागतो. कसा लागेल? चिखलात रुतून बसेल ना." मी म्हणालो, कथेत चालतं. ती म्हणाली, "आधीच्या पुस्तकांत असं नव्हतं."

आधीच्या पुस्तकांत असं नव्हतंच. आधी तू दर जत्रेला यायचास. ओट्यावर बसून पहाटेपर्यंत बोलायचास, गोदीतलं, लाँचवरचं, वारा फिरला की पाण्याचा रंग कसा पालटतो ते. आणि मी दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसायचो.

वर लिहिलंय की नवी कादंबरी हातात आहे. हातात आहे हे खरं, कारण प्रकाशकानं ती परत पाठवली. आता केबल आली, लोक घरी बसून सिरियल बघतात, मंचरच्या लायब्ररीवाल्यानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि तिथं एसटीडी बूथ काढला. प्रकाशकानं हेच कारण दिलं. पण खाली हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या : "तुमच्या लेखनात पूर्वीचा समुद्र राहिला नाही." हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस. त्या जत्रेला शाळेनं मांडव घालून माझा सत्कार केला होता. शाल खांद्यावर होती. सरपंचांनी विचारलं, इतका हुबेहूब समुद्र कसा लिहिता? मी तोंड उघडायच्या आत तू मागून ओरडलास, "ह्यानं समुद्र बगितलाय कुठं? मी सांगतो आन् ह्यो लिवतो!" अख्खा मांडव हसला. तू गमतीनं म्हणालास, हे मला कळत होतं. पण आयुष्यात एकदाच ती शाल मिळाली होती रे. घरी आल्यावर मी तुला म्हणालो, तुझा समुद्र तुझ्यापाशी ठेव. तूही तो उचललास आणि सकाळच्या एसटीनं गेलास. बायकोचा हात धरून, चहा न घेता.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

तिसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात एका लाटेनं मला आडवा केला. नाकातोंडात पाणी, चष्मा गेला. आई वाळूत बसून पदर तोंडाला लावून हसत होती. सोबत जुना चष्मा होता, त्याची एक काडी मोडलेली, दोऱ्यानं बांधून घातला. दुपारी सगळ्यांना सांगितलं, अलिबागला जाऊन चष्म्याचं बघून येतो. आणि मी रेवदंड्याच्या एसटीत बसलो.

तू तिथं इंजिनं दुरुस्त करतोस एवढंच कानावर होतं. बंदराजवळच्या चहाच्या दुकानात विचारलं, गोरख इंजिनवाले कुठं राहतात? चहावाला म्हणाला, "बसा की, चहाला येतीलच. तुम्हीपण गोष्ट ऐकायला आलात काय?" मला काही कळलं नाही. मी गोणपाटाच्या पडद्याआडच्या बाकावर जाऊन बसलो.

तू आलास. हात तेलानं काळे, केस पिकायला लागलेले. मागून चार-सहा खलाशी. एक छोटी मुलगी तुझ्या गुडघ्यावर चढत होती आणि तू तिला म्हणत होतास, "समृद्धी, उतर, कापडं खराब व्हतील." तुला मुलगी आहे, हे मला तिथं कळलं.

मी उठणार होतो. खरंच उठणार होतो. तेवढ्यात एक खलाशी म्हणाला, "गोरखशेठ, काल उडीपाशी थांबला होतात."

आणि तू सुरू झालास. "तर अमावास्येची रात. पडावावर धा जण, समद्यांकडं सुरे. माझा दादा एकटा. दादानं काय केलं आसंल? सदरा काढला, सुरी दातात धरली आन् टाकली उडी."

गोरख, ती माझी कादंबरी होती. यशोधनची उडी. मी ती अर्ध्या पानात उरकली होती. तू त्या उडीला कितीतरी वेळ लावलास. दादा खाली गेला, पाण्याची ओढ कुठल्या अंगाला आहे ते त्यानं तळहातानं चाचपलं, जाळ्याची दोरी हाताला लागली, त्या दोरीच्या आधारानं तो पडावाच्या पाठीमागं निघाला. मला हे कधी सुचलं नसतं. मला राग येत होता, माझी गोष्ट चोरली म्हणून, आणि त्याच वेळी मनात म्हणत होतो, थांबू नकोस, पुढं सांग.

एकानं विचारलं, "तुमचे दादा कुठल्या बंदरावरचे?"

तू म्हणालास, "कंचं बंदर? निरगुडसरचा हाय त्यो. डोंगराच्या पल्याड. तिथं हिरीत पाणी, दुसरं कुठं न्हाई."

"मग इतका समुद्र कसा कळतो त्यांना?"

"डोळं मिटून बसला की त्याला समदा दिसतो. मी इतकी वर्सं पाण्यावर हाय, मला न्हाई तसा दिसत."

हे तू हसण्यावारी बोलला नाहीस. मी पडद्याआडून तुझा चेहरा बघत होतो.

मग मी काय करायचं होतं, तू सांग. पडदा बाजूला करून बाहेर यायचं? पाच फूट उंची, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, सकाळीच गुडघाभर पाण्यात पडून नाक सोललेलं. म्हणायचं, नमस्कार, दहा जणांना लोळवणारा दादा तो मीच? ते खलाशी हसले असते. आणि ह्या खेपेला हसू तुझं झालं असतं. ते कसं लागतं हे मला माहीत आहे. मी मागच्या अंगानं निघालो. चहाचे पैसे बाकावर ठेवले आणि एसटी येईपर्यंत एका होडीच्या आडोशाला उभा राहिलो. इतका चिडलो होतो की डोळ्यांतून पाणी येत होतं. तुझ्यावर, माझ्यावर, त्या मोडक्या चष्म्यावर.

नागावला उतरलो तर आई वाडीच्या फाटकातच बसली होती.

"चष्मा न्हाई मिळाला?"

"नाही."

"आलिबाग त्या अंगाला हाय. तुजी यष्टी ह्या अंगानं आली."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"भेटला का?"

"लांबून बघितला."

"बारीक झालाय?"

"नाही. बरा आहे. मुलगी आहे त्याला. समृद्धी नाव आहे."

आई एकदम उठायला गेली आणि गुडघा धरून परत बसली. "कुणावानी हाय?"

मी म्हणालो, चष्मा धड नव्हता, नीट दिसलं नाही. ती गुडघा चोळायला लागली. मग म्हणाली, "मला न्यायचं व्हतंस. मी जवळ जाऊन बगितलं आसतं."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, उद्या सगळेच जाऊ. पण सकाळी बहिरूनं हट्ट धरला, मंचरला लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय, आत्ताच निघायचं. मी फार जोर लावला नाही, हे तुला खरं सांगतो. जीप अलिबागकडं वळली तेव्हा आई मागच्या काचेतून रस्ता बघत होती. पेणला सगळे जेवायला उतरले, ती उतरली नाही. घरी येऊन चार दिवस झाले. वहिनीशी बोलते, प्राचीशी बोलते. मी वाढलेलं पान बाजूला सारते. काल तिनं पिशवी भरली. बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, आणि लोखंडी पेटीतलं, प्राची लहान असताना केलेलं चांदीचं पैंजण. म्हणाली, "मी एकटी यष्टीनं जाते. इचारत इचारत जाईन."

ती जाईल. तुला माहीत आहे ती.

म्हणून लिहितोय. येत्या रविवारी मी तिला घेऊन येतोय. तू ये असं मी म्हणणार नाही, कारण तू गेलास तेव्हा मी तुला थांबवलं नव्हतं. यायचं ते आम्हीच. माफीबिफी मला जमणार नाही, तुलाही जमेल असं वाटत नाही. आई पुढं असेल, ती काय ते बघून घेईल. मी गोष्टीच्या अर्ध्यातून उठून आलो. दोरी धरून दादा पडावाच्या पाठीमागं गेला, त्यानंतर काय झालं, ते कुणी नसताना मला सांग. पुस्तकासाठी नको. पुस्तकं आता कोण छापतंय.

एक मात्र कर. आम्ही आलो की बंदरावरचे लोक विचारतील, हे कोण. आईला आई म्हणून सांग. माझ्याबद्दल घाईनं काही बोलू नकोस. पेठच्या शाळेतले कारकून आहेत, आईला सोबत म्हणून आलेत, असं सांगितलंस तरी चालेल. मी गप्प बसेन. मला वाईट वाटणार नाही.

समृद्धीला आणि तुम्हा दोघांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
तिथं कुणीही, इथं दादाच,
संपत