म्हशीच्या पाठीवरचं ओलं पोतं

माय, आज दुपारी म्हशीला गूळ-मिठाचं पाणी पाजलं आणि मला तुझा लई राग आला. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, मी वयानं तुझ्यापेक्षा कितीतरी मोठी झाले, तोंडात दात उरले नाहीत, तरी हा राग काही म्हातारा होत नाही. मला अक्षर येत नाही हे तुला माहीतच आहे. पोरगी शाळेत गेली तर शेण कोण काढील, असं तूच म्हणायचीस. म्हणून मी सांगते आणि सून लिहिते. ती मला आत्या म्हणते आणि मधेमधे नाक मुरडते, तेवढं मात्र कागदावर उमटत नाही.

त्या मोठ्या दुष्काळात गावात दूध संस्था नवी नवी निघाली होती आणि संस्थेमार्फत आपल्या दारात म्हैस आली होती. बा साखर कारखान्यावर, घरात तू, मी आणि ती. टँकर यायचा तेव्हा यायचा. जे पाणी मिळायचं ते तू आधी म्हशीच्या घमेल्यात ओतायचीस. मी तोंड वासून बघत राहिले की म्हणायचीस, "तिला पाजलं तर दूध देती. तुला पाजलं तर काय देशील, मूत?" आणि स्वतःच हसायचीस. मीही हसायचे. आज ते आठवलं की हसू येत नाही, दात असते तर खाल्ले असते.

एक दिवस म्हशीनं मान टाकली. मला अजून दिसतं बघ. तू तिच्यापाशी उकिडवी बसली आहेस. आधी नाकाला हात लावतेस, नाक कोरडं ठाक. मग डोळे बघतेस, खोल गेलेले. मग मानेच्या कातडीचा चिमटा घेऊन सोडतेस, आणि ती कातडी खाली बसायचं नावच घेत नाही, उभीच. "पाणी आटलं हिच्यातलं," म्हणतेस. मला पळवतेस गुळाला. बादलीत गूळ विरघळवतेस, मीठ टाकतेस, आधी स्वतःच्या जिभेवर बघतेस. आसवाइतकंच खारट पाहिजे, जास्त खारट झालं की उलटी तहान वाढती, असं मला सांगतेस. एकदम पाजत नाहीस, थोडं देतेस, थांबतेस, परत देतेस. तिला लिंबाच्या सावलीत ओढून पाठीवर ओलं पोतं टाकतेस आणि सुपानं वारा घालत बसतेस. मी विचारलं, "तिला तहान लागली होती तर ओरडली का न्हाई?" तू म्हणालीस, "मुकं जनावर हाय. त्याला सांगता येत न्हाई, आपणच वळखावं." संध्याकाळी म्हैस रवंथ करायला लागली. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात शिकलेल्या डॉक्टरनंही याहून वेगळं काय केलं असतं?

मग मला सांग, एवढं सगळं येत होतं तर ते म्हशीपुरतंच का ठेवलंस?

दुष्काळी कामावर तू खडी फोडायला जायचीस. सगळ्या बायकांबरोबर उजाडायच्या आत आडोशाला जाऊन आलीस की पुन्हा अंधार पडेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. कारण त्या उघड्या माळावर बाईनं जायचं कुठं? झुडूप नाही, बांध नाही, आणि मुकादम टेकाडावर बसलेला. "तहान दाबली की मरती," हे तुझं ब्रह्मवाक्य. मरते, माय, पण तहान नाही मरत.

मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत तू घरी आलीस ती म्हशीसाठीच. आल्या आल्या हंड्यातलं पाणी तिला पाजलंस, पोतं भिजवून तिच्या पाठीवर टाकलंस आणि मग भिंतीला टेकून खाली बसलीस. मी जवळ गेले. अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. तू म्हणतेस, "थंडी वाजती गं." वैशाखात! मग मला बाई म्हणायला लागलीस, तुझी मेलेली थोरली बहीण समजून. मी आरडाओरडा केल्यावर शेजारपाजार जमला. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी म्हणालं बाहेरचं लागलं. थंडी वाजते म्हणून तुझ्या अंगावर घोंगडी टाकली. मी त्याआधीच पेल्यात पाणी आणलं होतं, तर शेजारची काकू ओरडली, "पाजू नगं, उन्हातनं आलीया, छातीत बसंल!" आणि तूसुद्धा हातानं पेला लोटलास. "म्हशीला ऱ्हाऊ दे," म्हणालीस. तुझं शेवटचं धड बोलणं ते. त्यानंतरचं सगळं बरळणं.

ते अंगण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लिंबाखाली म्हैस, तिच्या पाठीवर ओलं पोतं. भिंतीशी तू, तुझ्या अंगावर कोरडी घोंगडी. मधे चार पावलांचं अंतर. आणि एवढ्या माणसांत कुणाला ते पोतं उचलून तुझ्यावर टाकावंसं वाटलं नाही, कारण ते म्हशीचं होतं. दिवेलागणीला तू गेलीस. दुसऱ्या दिवशी, घरात अजून रडारड चालू असताना, दाराबाहेरून डेरीचा माणूस हाक मारून सांगतो, "तुमच्या दुधाला फॅट चांगली लागली बरं का." त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. म्हशीनं तुझं नाव राखलं म्हणायचं.

मागच्या उन्हाळ्यात मीही अशीच आडवी झाले. अंबाजोगाईला नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरीण नातीच्या वयाची. "आजी, पाणी किती पिता?" म्हटलं, तहान लागली की पिते. "तहान कधी लागते?" म्हटलं, लागतच न्हाई. ती म्हणाली, या वयात तहान निरोप द्यायचं विसरते, तिची वाट बघायची नाही, न लागता प्यायचं. मी तिला माझ्या हाताचा चिमटा घेऊन दाखवला, म्हटलं, बघा बाई, उभी राहती का कातडी. ती हसली. "आजी, तुमची कातडी तशीही उभीच राहणार. म्हाताऱ्या माणसाची जीभ बघायची आणि लघवीचा रंग." तुझी विद्या म्हशीला आणि तरण्या माणसाला चालते, माय, मला नाही. आणखी विचारलं, माणूस बरळायला लागलं तर तोंडात पाणी ओतावं का? म्हणाली, नाही, घशात अडकेल. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करून वारा घालायचा आणि गाडी बोलवायची. पेला लोटलास ते एकवेळ माफ. पण पोतं होतं की गं तिथं.

आता तुला हे आजच का सांगते? कारण काल ही लिहिणारी बया डेरीतून चक्कर येऊन घरी आली. पत्र्याखाली बसून गावाचं दूध मोजते, सकाळपासून घोटभर पाणी नाही. का? तर तिथं बाईमाणसाला जायला जागा नाही. संस्थेला नवा पत्रा आला, नवं मशीन आलं, एक संडास येत नाही. मी तिचा हात धरून चिमटा घेतला. कातडी उभी राहिली.

"आत्या, माझं कशाला लिहायला लावता यात?" म्हणते. म्हटलं, लिही. तू बोलत न्हाईस ना तिथं, म्हणून कागदावर बोल. संस्थेच्या सभेला मी येते, मी विचारते चेअरमनला, म्हशीला गोठा लागतो तर बाईला काय लागतं ते. "तुमी येऊन समद्यांम्होरं संडासाचं बोलणार?" बोलणार. दात नाहीत म्हणून काय झालं, जीभ हाय की.

तिनं मघाशी पेन खाली ठेवलं होतं. आत जाऊन दोन पेले आणले, साखर-मिठाचं पाणी. "आधी तुमी." मी म्हटलं, आधी तू, चक्कर तुला आली. "आधी तुमी, दवाखान्यात तुमी गेलता." अशा बसलोय दोघी, आणि पाणी तसंच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, गोठ्याच्या आड्याला खोचून ठेवायला सांगितलंय. एक गोष्ट मात्र तुलाच सांगायची होती, पण लिहिणारीच्या कानावरून गेल्याशिवाय ती तुझ्यापर्यंत पोचत नाही. सकाळी तिनं मला दिलेला पेला मी प्यालेच नव्हते. ती डेरीत गेल्यावर म्हशीच्या घमेल्यात ओतला. हात आपसूक तिकडंच वळला, माय. तुझाच हात तो.

आता ही डोळे वटारून बघतेय. पिते बाई, पिते. तहान लागलेली नाही, तरी पिते.