वांगेरावाचं वाढतं वजन

९ फेब्रु., सोम.
"तुना हातमा रेघ नही, पोरी. तू लिख." आबांनी, माझ्या वडिलांनी, हे सांगितलं तेव्हा मी नववीत. आबांचं धुळ्याचं बोर्ड रंगवायचं दुकान, माझ्या हातात त्यांचा ब्रश. तेव्हाच खाली ठेवला. आज तीस वर्षांनी उचलला, म्हणून आठवलं.
मुक्ताच्या शाळेच्या विज्ञान मंडळासाठी रॉकेटचा किट आलाय. पुठ्ठ्याची नळी, चार पंख, टोक. बाकीच्या मुली तिरंगा रंगवताहेत, आमच्या लेकीला भरताचं वांगं हवंय. खानदेशी वांग्याचं हिरवं अंग, टोकाला देठ, मिशा, चष्मा. नाव वांगेराव. रंगवला मीच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८६ ग्रॅम. किटच्या कागदावर बजावलंय, ११०च्या वर गेलं तर उडवू नका.
आबा शेजारीच पेपर वाचत होते. मान वर केली नाही.

१२, गुरु.
डावी मिशी माझ्याकडून लोंबली होती. ऑफिसातून आले तर सरळ. मु.ला विचारलं. "आई, मी दिवसभर शाळेत होते." वजन ९१.

१३, शुक्र.
काट्याचे सेल बदलले. ९६.
भांड्यांना येणाऱ्या शोभाताईंवर संशय घेतला. लाज वाटली, तरी घेतला. "ताई, मी त्याच्याकडे बघत बी नाही. डोळे वटारतो मेला."
घरात टर्पेंटाइनचा वास. की मलाच...

१७, मंगळ.
१०२. जेवताना आबांच्या अंगठ्याच्या नखात हिरवं दिसलं.
"हे काय, आबा?"
"मेथी निवडी."
आठवडाभर घरात मेथी आलेली नाही.
म्हणजे अजून मला दुरुस्त करताहेत. या वयात. न बोलता, पाठीमागे. मी भाकरी तशीच टाकून उठले.

१८, बुध.
अर्धी रजा टाकली, घरी सांगितलं नाही. आबांच्या खोलीचं दार लावलेलं. गॅलरीतून पाहिलं.
वांगेराव मांडीवर. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं. चष्म्याची गोल रेघ काढायला घेतली, ती डोळ्यावर घसरली. वर हिरव्या रंगाचा हात दिला, वाळायला पंख्याखाली धरून बसले. पुन्हा काढली. पुन्हा घसरली.
माझं नाही दुरुस्त करत ते. स्वतःचं कालचं झाकताहेत. वजन त्याचंच.
पारोळ्याच्या बाजारात फूट-फूट अक्षरं पट्टीशिवाय काढणारा माणूस. दीड वर्षापूर्वी दुकान बंद करून इथे जळगावला आले तेव्हा सगळ्यांना एकच सांगत, "फ्लेक्सनी धंदा खादा." आम्ही मानलं. आता त्या वाक्याचाही संशय येतोय.
मी पाय न वाजवता खाली उतरले. कोपऱ्यावरच्या रसवंतीत पाच वाजेपर्यंत बसून राहिले. दोन ग्लास रस, चव आठवत नाही.

२१, शनि.
१०८. उद्या सकाळी मैदानावर जायचं. आणखी एक हात बसला की वांगेराव जमिनीवरच.
मु. म्हणाली, "रंगाचे डबे लपवू?" लपवले तर मला कळलंय हे त्यांना कळणार. नाही लपवले तर...
दुपारी आम्ही दोघींनी पॉलिश पेपरने सगळं घासून काढलं. हिरव्याचा एकच पातळ हात दिला. मिशा मीच काढल्या, लोंबत्या. ८८. डोळे आणि चष्मा रंगवायचे ठेवलेत. डोळे सगळ्यात शेवटी, हा त्यांचाच नियम.
आबा सगळं बघत होते. हात पेपराखाली.
मु. म्हणाली, "आबा, आंधळा उडेल का हा?" हसले नाहीत.
उद्या चहा झाल्यावर विचारणार आहे. नाहीच म्हणतील, मेथीसारखं काहीतरी पुढे करतील. तरी इथे लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी शब्द फिरवणार नाही :
"आबा, डोळे तुम्ही काढा. आमच्यासमोर, एकदाच. जसे येतील तसे राहू द्या."