बक्षिसाच्या स्वेटराची विल्हेवाट

मी, व्हर्ना एलेन हॉगलंड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार ऑस्लुंड, मिनेसोटा, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी जो डाग दाखवला तो फुप्फुसावर आहे, डोक्यात नाही. हे लिहायला मला कोणी दमदाटी केलेली नाही, की गोड बोलून गळ घातलेली नाही. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते नवरा एल्मर असतानाचे होते आणि त्यात सगळे एल्मरलाच दिले होते.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, माझी एकुलती एक मुलगी कोरिन हिला. मागचे दार थंडीत अडकते. त्याला कमरेने धक्का द्यावा, सुताराला बोलावू नये.

कलम २. बँकेतल्या शिलकेतून आधी माझे दफन व्हावे, उरेल ते कोरिनचे. पेटी स्वस्तातली घ्यावी. फुले आणू नयेत. या दिवसांत महाग मिळतात आणि मला दिसणार नाहीत.

कलम ३. शिवणयंत्र, गरम गोंदाची बंदूक आणि बटणा-टिकल्यांनी भरलेले बिस्किटांचे तीन डबे चर्चच्या महिला मंडळाला. अट एकच, नाताळात गमतीने घालतात तसले विद्रूप स्वेटर करायला नव्या सुनांना शिकवावे, आणि पाच डॉलरच्या आत. जुन्या कपड्यांच्या दुकानातून पुरुषी, मोठ्या मापाचा स्वेटर घ्यावा. बाह्या आखूड करून उसवलेल्या लोकरीचे गोंडे करावेत. झालर फाटक्या पडद्याची, घुंगरू मांजराच्या पट्ट्याचे, हरणाचे नाक बाटलीच्या लाल झाकणाचे. गोंद लावण्याआधी आत पुठ्ठा सरकवावा, नाहीतर स्वेटराचे पोट पाठीला चिकटते आणि डोके घालायला जागा राहत नाही. कापसाचा बर्फ करू नये, पेट घेतो.

कलम ४. चुलतबहीण डेल्फीन हिने एकदा चाळीस डॉलरचा तयार स्वेटर आणून त्यावर दोन गोंडे चिकटवले आणि स्वतः केला म्हणून मिरवला. दुकानाची पावती तिच्या पिशवीतून माझ्या पायाशी पडली होती. ती मी जपून ठेवली आहे. डेल्फीनला ती पावती द्यावी.

कलम ५. आता बक्षिसाच्या स्वेटराबद्दल.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात स्पर्धा असे. ज्याचा स्वेटर सर्वांत भयाण ठरेल त्याने बक्षिसाचा स्वेटर घरी न्यायचा, आपल्या घरातली एक वस्तू त्यावर टाचायची आणि पुढच्या वर्षी परत आणायचा. गर्द हिरवा आहे तो. दान आलेल्या कपड्यांत निघाला. कोणाचा होता ते कोणालाच ठाऊक नाही.

पहिल्या वर्षी तो आर्विड थॉर्सगार्डने नेला. फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना आर्विड फावड्यावरच कोसळला. दुसऱ्या वर्षी लव्हॉन ब्रेक्केने नेला. तिच्या गाडीसमोर हरीण आले. मग विजेत्याचे नाव वाचणाऱ्या मला लोक चेष्टेने म्हणू लागले, "व्हर्ना, यंदा माझं नाव वाचू नकोस गं बाई!" तिसऱ्या वर्षी माझा एल्मर जिंकला. घरी येऊन आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बघ, म्हातारा कसा राजबिंडा दिसतोय." मासे धरायचा लाल गळ त्याने खांद्यावर टाचला. सप्टेंबरात झोपला तो उठलाच नाही.

स्पर्धा बंद करा असे मी सांगून पाहिले. लोकांनी पाठीवर हात फिरवला, "एल्मरला आवडलं असतं" म्हणाले, आणि घरून भाजून आणलेल्या हॉटडिशची भांडी घेऊन पुन्हा तळघरात जमले.

कलम ६. हे कलम म्हणजे कबुली आहे.

मते मी मोजत असे. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव लिहून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, मी मोजून विजेत्याचे नाव वाचायचे. आठ वर्षांपूर्वी सव्वीसपैकी चौदा चिठ्ठ्यांवर कोरिनचे नाव होते. कोरिन माझ्यासमोरच उभी होती, हसत, स्वेटर घ्यायला हात पुढे करून. मी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिले. वर एक चिठ्ठी होती, जाड निळ्या पेन्सिलीने लिहिलेली. त्या नावाची डब्यात तेवढी एकच. मी ती वाचली. "मार्लिस टॉलेफसन."

मार्लिस माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. आयुष्यात ती पहिल्यांदाच काही जिंकत होती. तिने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"व्हर्ना, नीट वाचलंस ना गं? चष्मा लावलायस ना?"

"लावलाय," मी म्हणाले.

तिने आपल्या ऍप्रनचा फुलाफुलांचा खिसा बक्षिसाच्या स्वेटरावर टाचला. मार्चच्या अखेरीस तिचा नवरा ऑरविल गोठलेल्या तळ्यावर मासे धरत बसला होता. ती त्याचे जेवण घेऊन निघाली आणि वाटेत तिच्या पायाखालचा बर्फ फुटला.

त्या स्वेटरात काही नसेल, तर मी फक्त खोटे बोलले. असेल, तर मी खून केला. यातले कोणते खरे हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही.

स्पर्धा त्यानंतर बंद पडली. ऑरविलने स्वेटर कागदी पिशवीत घालून चर्चच्या कपाटात ठेवून दिला. गेल्या डिसेंबरात नव्या पाद्रीबाईंना तो सापडला आणि त्यांनी हौसेने सगळे पुन्हा सुरू केले. मोजायला मलाच बसवले. कोरिनला एकोणीस मते होती. मी माझे स्वतःचे नाव वाचले. "स्वतःच मोजायचं आणि स्वतःच जिंकायचं, लबाड म्हातारी!" कोणीतरी ओरडले, आणि सगळे हसले, कोरिनसुद्धा. ऑगस्टमध्ये डाग निघाला तेव्हा मला हायसे वाटले. हे मी अगदी मनापासून लिहीत आहे.

कलम ७. सबब, तो स्वेटर माझ्या अंगात घालून मला पुरावे. घालण्याचे काम दफनवाल्यांनी करावे, कोरिनने त्याला बोटही लावू नये. मी तो एकदा जाळायला काढला होता, पण एल्मरचा गळ दिसला आणि हात आखडला. आठवण म्हणून कोणीही मागितला तरी देऊ नये. पाद्रीबाई रुसल्या तर रुसोत.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीसाठी मी ऑरविल टॉलेफसनला बोलावले होते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तरी मी त्याला वाच म्हटले, कारण त्याच्याकडून झाकून सही घेणे माझ्याने होईना. तो ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचत गेला. सहाव्या कलमावर बोट थांबले.

"एकच होती?" त्याने विचारले.

"एकच."

"निळ्या पेन्सिलीची."

"हो."

ऑरविल आयुष्यभर सुतारकाम करत आला. लाकडावर खुणा करायची पेन्सिल आजही त्याच्या वरच्या खिशात होती.

"माझी होती ती," तो म्हणाला. "दरवर्षी घालायचो. तिला कुणीच मत द्यायचं नाही ना. एक तरी असावं, म्हटलं."

मी त्याची माफी मागितली. त्याने केली असेल, नसेल, मला कळले नाही. मग म्हणाला, "स्वेटर मला दे."

"वेड लागलंय का तुला? आत्ता वाचलंस ना?"

"वाचलं. त्या खिशाला तिच्या हातचे टाके आहेत. घरात तिच्या हातचं काही राहिलं नाही, मीच सगळं देऊन टाकलं."

"ऑरविल, तो तुला नेईल."

"ब्याऐंशीचा आहे मी. नेऊ दे. आणि व्हर्ना, तू मला नाही म्हणू शकत नाहीस."

खरे आहे. त्याला नाही म्हणायचे तोंड मला उरलेले नाही.

म्हणून कलम ७ रद्द. स्वेटर ऑरविल टॉलेफसन यास, माझ्या मरणाची वाट न पाहता, आजच दिला आहे. त्याने तो इथेच, माझ्या स्वयंपाकघरात अंगात घातला. खांदा दुखतो म्हणून त्याला तो डोक्यावरून ओढता येईना. मी ओढून दिला आणि मागून सारखा केला. त्यानंतर तो चालत घरी गेला. वळणापर्यंत मी त्याला पाहत होते.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकिलांनी फोनवर बजावले आहे. स्वेटर अंगात घालण्याआधीच त्याने सही करून टाकली होती. सबब खालीलप्रमाणे बदल केला.

साक्षीदार १: ऑरविल टॉलेफसन (खोडले). त्याऐवजी ग्लेनिस वॉलबर्ग, टपाल वाटणाऱ्या. सही.

साक्षीदार २: रॉल्फ एंगेन, शेजारी. सही.

स्थळ: ऑस्लुंड, मिनेसोटा
दिनांक: २२ नोव्हेंबर २०१९

सही: व्हर्ना एलेन हॉगलंड

ऑरविलचे नाव मी माझ्या हाताने खोडले आहे. व्ह. ए. हॉ.