पाणबुडीला साजेशी होडी

निमोणे, रविवार

तीर्थस्वरूप हौसरावमामांना भाचा रविराजचा साष्टांग नमस्कार.

मोतीबिंदूची पट्टी निघाली का? तुम्ही पिंपरीला लेकीकडे, नीलमकडे गेल्यापासून इकडे मला ओरडणारं कोणी उरलं नाही, करमत नाही. पट्टी असेल तर पत्र नीलम वाचून दाखवील. (फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मध्येच बोलता.)

तर मामा, तुमच्या भाच्यानं पाणबुडी बांधली! आपल्या पाणी सोसायटीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, घोड धरणाच्या तळाशी दर आठवड्याला गाळानं तुंबतो आणि पंपावरच्या ज्ञानूला नाक दाबून खाली जावं लागतं. आता मी आत कोरडा बसून लोखंडी पंज्यानं गाळ काढणार. डेअरीची जुनी टाकी, वॉशिंग मशीनच्या दाराची काच आणि तुम्ही शिकवलेलं वेल्डिंग. नाव ठेवलं 'सोजराबाई'. तुमची बहीण आज असती तर आधी रागावली असती, मग गावभर सांगत सुटली असती.

ती खोल पाण्यापर्यंत न्यायला होडी हवी. तुमची सून सुलक्षणा म्हणाली, गुऱ्हाळाची काहील घ्या. ती जागच्या जागी गरगर फिरली आणि मला उलटी झाली. मग ड्रमांचा तराफा केला (ड्रम एकेक करून निघून गेले). शेवटी एक अस्सल सागवानी होडी मिळाली, बांधणाऱ्याच्या पाया पडावं अशी. ट्रॉलीत घालून आणली.

उद्घाटनाला सरपंचांना होडीत बसवलं, तर माजी सरपंच रुसले. त्यांना घेतलं, तर चेअरमन माऊलीआप्पा पाठ फिरवून उभे. मानपान सांभाळता सांभाळता अकरा जण चढले, वर पाणबुडी आणि पाणबुडीत मी. नारळ फोडताना फोटोत येण्यासाठी सगळे एकदम पुढच्या टोकाला धावले आणि होडी नाक खाली करून बुडाली. 'सोजराबाई' मात्र घरंगळली आणि मस्त तरंगली! अकराही जण तिला लटकले. मला काचेतून फक्त आप्पांचे पाय दिसत होते. काठावरून सुलक्षणानं ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला ओढलं आणि म्हणाली, “होडी खाली आन् पाणबुडी वर! तुमचं समदं उलटंच हाय.”

म्हणू दे. अकरा माणसं वाचली, मामा. माझा ऊर भरून आला. तुम्ही काठावर असायला हवे होतात.

तुमचाच,
रविराज

ता. क. नीलम, पुढचं वाचण्याआधी तुझ्या आबांना पाणी दे. मामा, होडी तुमचीच होती. दौंडला तुमच्या गोठ्यामागं पालथी होती. आता वीस फूट खाली आहे.

ता. क. दुसरा. ती वर काढायला पाणबुडी समर्थ आहे. फक्त पाणबुडी तिथवर न्यायला होडी लागेल. तुमची धाकटी होडी आहे, पण मोठी चोरीला गेली असं समजून मामीनं तिला कुलूप घातलंय. किल्ली द्यायला मामीला सांगाल का? मोठी कोणी नेली तेही तिला तुम्हीच सांगा. माझं धाडस पाण्यापुरतंच आहे.