चोवीस व्होल्ट

२१ जून

भोंगा पुन्हा वाजला. सगळी वाडी पोरंबाळं घेऊन विहाराकडे धावली. जानूने अंथरुणाला खिळलेल्या आईला पाठीवर घेतलं. मी उलट्या दिशेने, डोंगरावर. जमिनीला पडलेल्या भेगेवरची तार ताणलेली, शाबूत. भेगही कालच्याएवढीच.

यंत्रणा सरळ आहे. विहाराच्या पडवीत लोखंडी पेटी, पेटीत पॉवर सप्लाय. साध्या विजेची चोवीस व्होल्ट डीसी करतो. ती वीज तारेतून भेग ओलांडून खाली परत येते आणि भोंग्याला गप्प ठेवते. भेगेवरचे दिवेही तिच्यावरच; भोंगा स्वतः वेगळ्या बॅटरीवर. भेग रुंदावली की तार तुटणार, भोंगा सुटणार.

तार तुटलेली नसताना का सुटतो?

२२ जून

अमरदीपला फोन. मावसभाऊ, मिरजोळ्याला एमआयडीसीत दुरुस्तीचं दुकान. म्हणाला, "ताई, मीटर लावून बस. तुझ्या भाषणांसारखी टाळ्यांवर चालणारी वस्तू नाही ती."

मेला!

बसले. सकाळपासून चोवीस. हिरवा दिवा. इतकं देखणं खोटं मी कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

२३ जून

चोवीस.

२४ जून

मार्चमधली सभा आठवते आहे. हीच पडवी, भाषण माझं. "पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जाणार नाही. पक्की घरं द्या, त्याच दिवशी उठतो. तोवर डोंगरावर पहारा ठेवा." पहारा म्हणून सरकारकडून हा भोंगा मिळाला. शेडकडे निघालेली घरं थांबली. जानूने बांधलेलं सामान सोडलं. त्याचं घर सगळ्यात वर, भेगेखाली.

त्या मागणीतला एक शब्द मी मागे घेणार नाही. माणसाला गुरासारखं पत्र्याखाली कोंडायचं नसतं. पण भोंगा गप्प असेल तेव्हा आणि वाजेल तेव्हाही खरं बोलला पाहिजे. नाहीतर मी या लोकांना कशाच्या जोरावर थांबवलं?

२५ जून

आकडा पडताना पकडला. चोवीस — एकोणीस — अकरा — आणि भोंगा. जरा वेळाने आपोआप चोवीस. भोंगा गप्प.

अमरदीप म्हणाला, "लोड काढ, जोडलेलं सगळं सोडव. नुसता सप्लाय बघ." भोंग्याचा खटका पाडला, तारा सोडवल्या. तासभर चोवीस, हलला नाही. मग दोष पुढे असणार, असं दोघांनाही वाटलं. भोंग्याला धरून ठेवणारा रिले बदलला. तारा जोडल्या. दुपारी पुन्हा वाजला.

जानूने आईला पडवीत खाली ठेवलं. "रेणुकाताय, म्हातारीच्या बरगड्या ठणकतायत. आता वाजला तरी नाय उचलायचो तिला."

"जानू, एकदा जरी खरा असला तर?"

"मंग त्याला सांगा, खरा असशील तर वेगळा वाज."

लोक हसले. मलाही हसू आलं.

२६ जून

सापडलं. पेटीवर हात टेकला — तवा! विहारासमोर राहणाऱ्या जाईबाईने, पावसाच्या तोंडावर आगोटीत लाकडं झाकतात तशी, पेटी निळ्या प्लास्टिकात गुंडाळली आहे. दुहेरी, वरून सुंभ आवळलेला. आतला पंखा फिरतोय, पण हवा यायला जाळीच मोकळी नाही. लोड असला की सप्लाय तापतो, कोलमडतो. निवला की उठतो.

गंमत बघा — इतके दिवस मी तेच प्लास्टिक हाताने बाजूला सारून मीटर लावत होते. दिसलं नाही. पावसाळ्यात उघडं काही ठेवायचंच नाही, हे डोळ्यांत इतकं मुरलेलं. एवढी पुस्तकं वाचून!

जाईबाईला सांगितलं. ती रडवेली. "भिजली असती तर, गो? बाळासारखी गुंडाळली मी तिला."

प्लास्टिक काढलं. तरी लोडवर आकडा पुन्हा पडला. बंद करून जाळीतून टॉर्च मारला. एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, म्हणजे उष्णतेने तोही गेला. अमरदीप फोनवर ओरडला, "झाकण उघडू नको. बंद केल्यावरही आत माणूस मारण्याइतकी वीज उरते. नवाच आणतो."

२८ जून

अमरदीपने नवा सप्लाय बसवला. लोडवर चोवीस. दिवसभर. पेटी हाताला कोमट. डोक्यावर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. अमरदीपने तार मुद्दाम सोडली — भोंगा वाजला. जोडली — गप्प.

संध्याकाळी विहारात उभी राहिले. "यापुढे वाजला तर तो खराच." आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. एकही टाळी नाही. जानू मागून म्हणाला, "मागल्या वेळी पण हेच बोललात."

त्याच्या घरी जाऊन आईला खाली माझ्या घरी नेऊ दे म्हटलं. "भोंगा दुरुस्त झालाय ना? मंग कशाला?" म्हणाला. तशीच परत आले.

२९ जून

कालपासून पाऊस थांबलेला नाही. वहाळाचं पाणी जांभ्याच्या चिऱ्यासारखं लाल, दाट. वही घेऊन पेटीशेजारीच बसले आहे, रीडिंग लिहीत. चोवीस. चोवीस.

३० जून

भोंगा सुरू झाला. सवयीने आधी मीटर पाहिला — चोवीस. पंखा फिरतोय, पेटी नुसती कोमट. पुन्हा पाहिला. चोवीस.

पेटीत दोष नाही. म्हणजे वर तारच तुटली.

जाईबाई समोरच्या खळ्यात सुकी लाकडं आत घेतेय. मान वर केली नाही. जानूचं दार बंद आहे. त्यांना बाहेर काढायला वर जाते.