बाकाचे दुसरे टोक

हार्लो शोल्स, दक्षिण कॅरोलिना
४ जुलै १९७२

प्रिय नदीन,

तुझ्या व्हर्ना आत्याने काल सायंकाळी फोन करून माझी चांगलीच कानउघाडणी केली. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाशी त्या स्वरात बोलू नये, असे माझे मत आहे. परंतु ती कधी कुणाचे मत विचारात घेते? ती म्हणाली, "दादा, तुला काही माणुसकी आहे की नाही? पोरगी दोन महिने अंथरुणाला खिळलीय, डॉक्टर तिला उठूही देत नाहीत, आणि तू पत्रात काय लिहितोस, तर टोमॅटोला कीड लागली! काल रडत होती ती. म्हणाली, बाबांना माझं काही नकोच आहे." मी "बरे" एवढेच म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर मला झोप लागली नाही, हे मात्र तिला कळवू नकोस.

आज स्वातंत्र्यदिनाचे, नेहमीप्रमाणे चर्चच्या आवारात जेवण होते. डुकराचे मांस पहाटेपासून निखाऱ्यांवर होते, कलिंगडे विहिरीत सोडली होती. गिरणीचा बेसबॉलचा संघ मोडून पुष्कळ वर्षे झाली, तरी जेवणापूर्वी चार जुलैच्या जुन्या सामन्यांची उजळणी करण्याचा मान अद्याप माझ्याकडे आहे. गिरणी त्या दिवशी बंद असे आणि दरवर्षी आपली गाठ बेथनी गिरणीशी पडे, हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. मी उभा राहून क्रमाने सांगितले. १९२६ साली आपल्या संघातल्या डेल्बर्टने टोलवलेला चेंडू चालत्या मालगाडीच्या कोळशाच्या डब्यात पडला आणि बेथनीचा खेळाडू "चेंडू अजून खेळात आहे!" असे ओरडत गाडीमागे पुलापर्यंत धावत गेला. १९२९ साली पंच उन्हाने भोवळ येऊन कोसळले, तेव्हा त्यांच्या पत्नीने छत्री मिटली, मैदानात उतरून उरलेल्या डावांचे निकाल दिले, आणि एकाही पुरुषाची तिच्याशी वाद घालण्याची छाती झाली नाही. मुले खदखदून हसली.

मग मी १९३१ सालावर आलो. त्या दिवशी पर्व्हिस गॅडी चेंडू टाकत होता आणि मी फलंदाजाच्या मागे बसून ते झेलत होतो. नवांपैकी आठ डाव संपले, तरी बेथनीच्या एकालाही त्याच्या चेंडूवर फटका मारून पहिल्या तळावर पोचता आले नव्हते; पुरे नऊ डाव असे जमणे फार विरळा. अशा वेळी काय करायचे, हे आमच्यात कुणाला शिकवावे लागत नसे. त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. चेंडू टाकणाऱ्याशी बोलायचे नाही, त्याच्या शेजारी बसायचे नाही, त्याच्याकडे पाहायचेसुद्धा नाही. बोललेली गोष्ट मोडते. आम्ही सगळे बाकाच्या एका टोकाला दाटीवाटीने बसलो. तेवढ्यात पाद्री लॅथम सरबत घेऊन आले. ते दूरच्या गावचे, त्यांना आमची रीत कुठली ठाऊक! पर्व्हिसच्या पाठीवर हात ठेवून ते मोठ्याने म्हणाले, "शाब्बास पोरा, तुला अजून एकानंही फटका मारलेला नाही, देवाची कृपा!" आम्ही डोक्याला हात लावला. नवव्या डावातील पहिल्याच चेंडूवर फटका बसला. सामना आपण जिंकला, तरी पाद्रीसाहेबांच्या प्रवचनाला महिनाभर निम्मे गाव फिरकले नाही.

एवढे सांगून मी खाली बसणार, तोच पर्व्हिस काठी आपटून उठला. तो आता पार वाकला आहे, पण जीभ तशीच आहे. म्हणाला, "पुरे रे अँसेल! मेलेल्या पाद्र्याला अजून किती छळशील? फटका बसला, कारण माझा खांदा निखळायला आला होता. शब्दानं कधी चेंडू वळतो का, गाढवा?" लोक हसले. मीही हसण्याच्या बेतात होतो. पण तो पुढे म्हणाला, "आठ डाव तुम्ही त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला एकटा. मला काय देवी आल्या होत्या? पाण्याची बादली ठेवलीत आणि चोरासारखे पळालात! मी पार घाबरून गेलो होतो, आणि विचारायला एक माणूस नाही. त्या पाद्र्यानं पाठीवर हात ठेवला ना, तेव्हा कुठं धड श्वास आला मला." मग तो बसला आणि कलिंगड खाऊ लागला. मी मात्र ताट तसेच ठेवून घरी आलो आणि हे लिहावयास बसलो.

नदीन, पहिल्या वेळी तू बातमी दिलीस, तेव्हा मी गिरणीच्या फाटकापाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले होते. दुसऱ्या वेळी पाळणाही करावयास घेतला होता. दोन्ही वेळा काय झाले, ते तुला ठाऊक आहे. म्हणून या खेपेस मी तोंड बंद ठेवले. मला वाटले, मी नाव काढले नाही तर ते टिकेल. आणि तुला वाटले, बापाला नकोच आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, परंतु हे कळावयास शाळा लागत नव्हती. आता सरळ विचारतो. बाळ कसे आहे? हालते का? तुला भीती वाटते का? मला वाटते. आधीच्या दोघांविषयी तुला काही बोलावयाचे असेल, तर तेही मी ऐकेन; तेव्हा मी ऐकले नाही. शनिवारच्या बसने मी येत आहे आणि तू म्हणशील तोवर राहणार आहे. वेंडेल जावईबुवांना म्हणावे, थांब्यावर येण्याचे कारण नाही, मला पाट्या वाचता येतात. तू मात्र डॉक्टरांचे ऐकून पडून राहा. मी आलो म्हणून उठू नकोस. तुझ्या खाटेशेजारी खुर्ची मी स्वतः ओढून घेईन.

शनिवारची वाट पाहणारा, तुझाच
बाबा